चकचकीत स्लाइड आणि हरवलेले ‘कशावरून?’

गेल्या दोन वर्षांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील विज्ञान प्रदर्शने, शिक्षकांचे प्रशिक्षण वर्ग आणि काही शाळांतील विज्ञान दिनाचे कार्यक्रम पाहण्याचा योग आम्हाला अनेकदा आला. कार्डशीटवर स्केचपेनने रंगवलेले तक्ते आता कमी झाले आहेत, थर्मोकोलचे ज्वालामुखीही कमी झाले आहेत (त्यांचे आम्हाला फारसे दुःख नाही). त्यांच्या जागी प्रोजेक्टर आणि स्लाइड आल्या. आणि यातल्या बऱ्याच स्लाइड आता कुणी बसून तयार केलेल्या नसतात. विषय, इयत्ता आणि स्लाइडची संख्या एवढे सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन मिनिटाभरात दहा-बारा स्लाइडचे सादरीकरण हातात ठेवते. शीर्षके, मुद्दे, चित्रे, रंगसंगती आणि शेवटी ‘धन्यवाद’ची स्लाइडसुद्धा!

पुस्तकांचे परीक्षण करण्याची प्रथा आपल्याकडे आहे. सादरीकरणांचे परीक्षण कुणी करत नाही. वर्गात मात्र आज पुस्तकाइतकाच अधिकार पडद्यावरच्या मजकुराला मिळतो. म्हणून या लेखात आम्ही तेच करणार आहोत. आम्ही पाहिलेली अशी वीस-पंचवीस सादरीकरणे आणि याच पद्धतीने आम्ही स्वतः करून पाहिलेली दोन-तीन, यांवर हे लिखाण आधारलेले आहे. शाळांची, शिक्षकांची नावे देण्याचे कारण नाही. साधनांची नावेही देत नाही, कारण ती दर काही महिन्यांनी बदलतात आणि आमचा मुद्दा कोणत्याही एका साधनापुरता नाही.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. ज्या शिक्षकाला सकाळी हजेरी, दुपारी पोषण आहाराच्या नोंदी, संध्याकाळी कुठली तरी ऑनलाइन माहिती आणि मधल्या वेळात चार इयत्ता सांभाळायच्या आहेत, त्याने एका मिनिटात तयार होणारे सादरीकरण वापरले म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. शिवाय या सादरीकरणांचे दिसणे खरोखर चांगले असते. अक्षरे मोठी, रंग डोळ्यांना त्रास न देणारे, एका स्लाइडवर मजकुराची गर्दी नाही. माणसांनी केलेल्या कित्येक स्लाइड याहून वाचायला अवघड असतात; त्यांत संशोधन परिषदांमधल्या आमच्या व्यवसायबंधूंच्या स्लाइडही येतात. तेव्हा आमची तक्रार दिसण्याबद्दल नाही.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. विषय कोयनेचा भूकंप. साताऱ्यातल्या शिक्षकाने हा विषय निवडावा हे स्वाभाविक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी पाटण तालुक्यात कोयनानगरजवळ झालेला हा भूकंप जगभरच्या भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत आहे. पावणेदोनशे ते दोनशे माणसे गेली, हजारो घरे पडली आणि १०३ मीटर उंचीच्या धरणालाही तडे गेले. आम्ही पाहिलेल्या सादरीकरणात यावर दहा स्लाइड होत्या. भूकंप म्हणजे काय, भूकंपाची कारणे, कोयना धरणाची माहिती, घटना, परिणाम, बचावकार्य, उपाययोजना, भूकंपात काय करावे, निष्कर्ष, धन्यवाद. ‘कारणे’ या स्लाइडवर चार मुद्दे होते आणि त्यांतला तिसरा असा : ‘धरणातील पाण्याच्या प्रचंड वजनामुळे भूकंप झाला.’

हे वाक्य सरळ चूक आहे असे म्हणता येत नाही आणि बरोबर आहे असेही म्हणता येत नाही. आता हेच वाक्य फळ्यावर लिहून नववीच्या वर्गाला एक गणित घालू. १०० मीटर उंचीच्या पाण्याचा तळावर दाब किती? दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण, म्हणजे दहा वातावरणे. कोयना परिसरातले भूकंप बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर होतात. आपण पाच किलोमीटर धरू. खडकाची घनता पाण्याच्या २.७ पट घेतली तर पाच किलोमीटर खडकाच्या थराचा दाब होतो सुमारे १३०० वातावरणे. म्हणजे जलाशय काठोकाठ भरला तरी तिथल्या दाबात पडलेली भर एक टक्क्याहूनही कमी! आणि हा हिशेबही उदार आहे, कारण पाण्याचा भार खोल जाताना आजूबाजूला पसरतो. मग एवढ्याशा भाराने एवढा भूकंप कसा होईल?

वर्गात हा प्रश्न उभा राहिला की खरे विज्ञान सुरू होते. ऊर्जा पाण्याने दिलेली नाही. ती भूकवचाच्या हालचालींमुळे खडकात आधीच साठलेली होती. जुन्या प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजू सरकण्याच्या बेतात होत्या आणि केवळ घर्षणाने अडकून राहिल्या होत्या. जलाशयातले पाणी भेगांमधून खोल झिरपले, किंवा निदान त्याचा दाब भेगांतल्या पाण्यामार्फत खाली पोचला आणि दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारे बल किंचित कमी झाले. तेवढे पुरले. म्हणून अशा भूकंपांना जलाशयाने ‘घडवलेले’ न म्हणता जलाशयाने ‘चेतवलेले’ भूकंप म्हणावे असा आग्रह अनेक शास्त्रज्ञ धरतात. कोयनेवर आयुष्यभर काम केलेले डॉ. हर्ष गुप्ता हे त्यांतले प्रमुख.

हे दाखवायला स्लाइड लागत नाही. स्वयंपाकघरातला एक अनुभव पुरतो. गरम पाण्याने विसळलेला काचेचा पेला ओल्या, गुळगुळीत ओट्यावर उपडा ठेवला तर तो कधी कधी आपण न ढकलता हळूच सरकतो. आत अडकलेली हवा गरम होऊन प्रसरण पावते आणि पेल्याला किंचित उचलून धरते. पेल्याचे वजन तेवढेच असते, ओट्याचा उतारही तोच असतो, पण घर्षण कमी होते. खडकांच्या भेगांतल्या पाण्याचा दाब हेच काम करतो. पेला, थोडे गरम पाणी आणि जरा तिरपी धरलेली ओली काच एवढ्या सामग्रीत होणारा हा प्रयोग आम्ही पाहिलेल्या एकाही सादरीकरणात नव्हता.

यापुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा : हे कशावरून? धरण बांधले आणि भूकंप झाला, एवढ्यावरून धरणामुळे भूकंप झाला हे सिद्ध होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडू शकते. शास्त्रज्ञांनी ही शंका कशी तपासली? १९६२ च्या सुमारास जलाशयात पाणी साठू लागले आणि लवकरच परिसरात हादरे जाणवू लागले. भूकंपमापक बसवले गेले. जलाशयाची पातळी आणि हादऱ्यांची संख्या शेजारी शेजारी मांडल्यावर पावसाळ्यात पाणी चढल्यानंतर हादरे वाढतात हे वर्षानुवर्षे दिसत राहिले. हादरे दूरवर विखुरलेले नव्हते. सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढ्याच पट्ट्यात एकवटलेले होते. पुढे दक्षिणेला, सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्याला लागून असलेल्या चांदोलीजवळ वारणा धरण झाले, १९८५ पासून त्यात पाणी साठू लागले आणि १९९३ मध्ये वारणेच्या बाजूस भूकंपांची नवी मालिका सुरू झाली. जणू निसर्गाने तोच प्रयोग शेजारी पुन्हा करून दाखवला. उलट बाजूही पाहिली पाहिजे. जगातल्या हजारो मोठ्या धरणांपैकी फारच थोड्यांजवळ असे घडले आहे. आफ्रिकेतील करिबा, ग्रीसमधील क्रेमास्ता ही त्यांतली नावे. आपल्या भाक्राजवळ मात्र असे काही घडले नाही. म्हणजे केवळ पाणी पुरेसे नाही, खालचा खडक ‘तयार’ असावा लागतो. तो खडक प्रत्यक्ष पाहावा म्हणून २०१७ मध्ये गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्टचे थर संपले आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक लागला. या कामासाठी केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडजवळ उभी आहे. साताऱ्यातल्या शाळेची सहल तिथे जायला किती वेळ लागेल?

यातले जवळजवळ काहीही त्या दहा स्लाइडमध्ये नव्हते. हा दोष एखाद्या चुकीच्या आकड्याहून मोठा आहे असे आम्हाला वाटते. आकडा चुकला तर कुणीतरी दुरुस्त करील. इथे निष्कर्ष आहे, पण तिथपर्यंत पोचण्याची वाट पुसून टाकलेली आहे. ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’, ‘यावरून’ हे विज्ञानाचे सांधे आहेत. मुद्द्यांच्या यादीत हे शब्द बसतच नाहीत. यंत्र याद्या सफाईने करते आणि त्यामुळे सांधेही तितक्याच सफाईने निखळतात.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू. एका सादरीकरणात कोयनेच्या भूकंपाचे परिमाण ६.५ होते, दुसऱ्यात ६.३. दोन्ही शिक्षकांनी यंत्राने दिलेला आकडा तसाच ठेवला होता. गंमत अशी की दोन्ही आकडे शास्त्रीय साहित्यात सापडतात. परिमाण काढण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. फरक ०.२ चा म्हणून सोडून द्यावा काय? परिमाण एकाने वाढले की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ०.२ ने वाढले तर ३२ चे पाचवे मूळ, बरोबर २. या ‘किरकोळ’ फरकात ऊर्जा दुप्पट होते! दोन सादरीकरणे शेजारी ठेवून एवढे विचारले असते तर दहावीच्या मुलांना घातांकांचा एक जिवंत उपयोग मिळाला असता. पण पडद्यावरचा आकडा नेहमी एकटा येतो आणि ठाम येतो. तो कुणी, कसा मोजला हे सोबत येत नाही.

आता भाषा. इंग्रजीत विचार करून मराठीत उतरवलेला मजकूर ओळखायला आपल्या वाचकांना फार कष्ट पडू नयेत. एका स्लाइडवर ‘कोयना परिसरात अनेक दोष आहेत’ असे वाक्य होते. वाचणाऱ्याला वाटावे की धरणाच्या बांधकामातले दोष! अभिप्रेत होता प्रस्तरभंग. इंग्रजीत त्याला ‘फॉल्ट’ म्हणतात, म्हणून ‘दोष’. दुसरीकडे ‘दख्खन सापळा’ होता. ‘डेक्कन ट्रॅप’मधल्या ट्रॅपचा सापळ्याशी काही संबंध नाही, स्वीडिश भाषेतल्या जिना या अर्थाच्या शब्दावरून तो आला. सज्जनगडाकडे किंवा अजिंक्यताऱ्याकडे खालून पाहिले तर डोंगराच्या अंगावर लाव्हाच्या थरांच्या पायऱ्या दिसतात, त्या या पायऱ्या. साताऱ्याच्या मुलाला रोज खिडकीतून दिसणारी गोष्ट त्याच्याच भाषेतल्या स्लाइडने त्याच्यापासून लपवली. तिसरा घोटाळा जुना आहे आणि त्यात वर्तमानपत्रांचाही वाटा आहे : भूकंपाचे परिमाण आणि भूकंपाची तीव्रता. पहिले भूकंपाला एकच असते. दुसरी ठिकाणागणिक बदलते, कोयनानगरला वेगळी आणि पुण्याला वेगळी. यंत्राने वर्तमानपत्री मराठी वाचलेली आहे, तेव्हा तेही दोहोंना ‘तीव्रता’ म्हणते.

असे का होते हे समजून घ्यायला हवे, कारण यंत्रावर रागावून उपयोग नाही. ही साधने अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त हे शिकलेली असतात. जे पुष्कळदा लिहिले गेले आहे ते त्यांना चांगले येते. प्रकाशसंश्लेषणावर जगभर लाखो पाने आहेत, तिथे ती सहसा चुकत नाहीत. पाटण तालुक्यावर, आणि तेही मराठीत, किती पाने आहेत? जिथे मजकूर विरळ असतो तिथे यंत्र थांबत नाही. सरासरीने जागा भरून काढते. म्हणून विषय जितका आपल्या गावाजवळचा तितका भरवसा कमी. नेमके आपल्याला जे शिकवायचे आहे तिथेच ते कच्चे आहे.

सरासरीचे राज्य चित्रांत तर फारच स्पष्ट दिसते. कास पठारावरच्या एका सादरीकरणात निळ्याजांभळ्या फुलांचे लांबलचक वाफे होते, गुडघाभर उंचीचे, मागे टोकदार डोंगर. सुंदर चित्र, पण ते युरोपातल्या कुठल्या तरी लव्हेंडरच्या शेताचे असावे. कासचा चमत्कार वेगळा आहे. तिथे जांभ्याचा कातळ आहे आणि त्यावर मातीचा जेमतेम थर. तेवढ्या मातीत, पावसाच्या तीन-चार महिन्यांत, वीतभरही न वाढणाऱ्या वनस्पती उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि संपतात. ‘सीतेची आसवे’ ही इवलीशी जांभळी फुले येणारी वनस्पती सूक्ष्म कीटक पकडते, कारण त्या धुपलेल्या मातीत पोषक द्रव्ये फारच थोडी मिळतात. म्हणजे फुलाचा आकार, मातीचा पातळ थर आणि कीटक खाण्याची सवय ही एकाच गोष्टीची तीन अंगे आहेत. खोल मातीतला ताटवा दाखवला की तिन्ही गेली! २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासला जागतिक वारसा लाभला; तो लव्हेंडरसाठी नव्हे. आणि हे पठार साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर असताना, हातात फोन असलेल्या शिक्षकाने यंत्राकडून चित्र का मागावे हे आम्हाला उमगलेले नाही.

सांगलीकडे वळू. इथला हटकून येणारा विषय महापूर. यावरची आम्ही पाहिलेली तीन सादरीकरणे इतकी सारखी होती की शीर्षक झाकले तर कोणते कुठल्या शाळेचे ते सांगता आले नसते. बिहारच्या किंवा आसामच्या शाळेतही ती चालली असती. कारणे : अतिवृष्टी, जंगलतोड, शहरीकरण, हवामानबदल. उपाय : झाडे लावा, जनजागृती करा, शासनाने ठोस पावले उचलावीत. एकात ‘अलमट्टी धरणामुळे पूर येतो’ हा मुद्दा कारणांच्या यादीत निर्विवाद सत्यासारखा बसला होता. २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला त्या पुराचे कारण मानले नाही. अनेकांना ते आजही पटलेले नाही. वाद चालू आहे आणि वाद कसा तपासायचा हे शिकवण्याची ती उत्तम संधी आहे. स्लाइडवर मात्र वाद दिसत नाही, एक ओळ दिसते.

त्याच प्रदर्शनात, त्याच दालनात, एका कोपऱ्यात आठवीच्या तीन मुलींनी आलेखकागद चिकटवून तयार केलेला एक लांब तक्ता टांगला होता. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी फुटांत. आकडे त्यांनी घरातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून आणि शेजाऱ्यांच्या फोनमध्ये जपलेल्या संदेशांतून गोळा केले होते. ४० फुटांना इशाऱ्याची पिवळी रेघ, ४५ फुटांना धोक्याची तांबडी रेघ. २०१९ ची रेषा ५७ फुटांच्या वर गेलेली, २०२१ ची ५४ च्या पुढे. २००५ चा एकच ठिपका होता, ५३ च्या वर. बाकीचे दिवस त्यांना मिळाले नव्हते आणि तिथे त्यांनी ‘माहिती मिळाली नाही’ असे लिहिले होते. अक्षर वाकडेतिकडे, एका जागी खाडाखोड, आणि एका आठवड्याचे अंतर चुकून दुसऱ्याच्या दुप्पट पडलेले.

आम्ही त्यांना विचारले, यावरून तुम्हाला काय कळले? एक म्हणाली, “सर, पाणी चढतं लवकर आणि उतरतं सावकाश. हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. म्हणजे घरात माहीत होतं, पण एवढं माहीत नव्हतं.” दुसरीने आम्हालाच विचारले, की कोयनेतून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या संगमावरून सांगलीला यायला किती तास लागतात, आणि हरिपूरला वारणा तेव्हाच भरून आलेली असेल तर कृष्णेचे पाणी मागे तुंबते का? हा प्रश्न जलशास्त्राचा आहे, आणि चांगल्यापैकी अवघड आहे. तो दहा स्लाइडच्या सादरीकरणातून आला नाही. चढणारी आणि उतरणारी रेषा हाताने काढताना आला. ठिपक्यांची रेषा ओढताना बोट जिथे अडते तिथे डोके चालू लागते.

बक्षीस सादरीकरणाला मिळाले. परीक्षक मंडळात आम्ही नव्हतो. पण गुणपत्रिका पाहायला मिळाली. मांडणी, आकर्षकपणा, तंत्रज्ञानाचा वापर आणि विषयाची व्याप्ती यांना गुण होते. माहिती कुठून आणली याला गुण नव्हते. मुलाने उत्तर न देता प्रश्न विचारला तर त्यासाठी रकानाच नव्हता. आमच्या मते खरी खोट इथे आहे. यंत्राने जे कौशल्य एका मिनिटावर आणून ठेवले त्यालाच आपण अजून गुण देत बसलो आहोत. मग मुलांनी आणि शिक्षकांनी दुसरे काय करावे?

हा रोग कृत्रिम बुद्धिमत्तेने आणला असे मात्र कुणी म्हणू नये. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये बाजारात आले. १९९० नंतरच्या दशकात त्याच्यात एक सोय होती : प्रसंगाचा प्रकार निवडला की मुद्द्यांचा तयार सांगाडा मिळे, आपण फक्त रिकाम्या जागा भरायच्या. २००७ च्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली गेली. आज ती परत आली आहे, एवढेच की आता रिकाम्या जागाही यंत्रच भरते. स्लाइडमधल्या याद्या विचाराला कशा मारक ठरतात हे अमेरिकेतील संख्याशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्येच जोरकसपणे मांडले होते. त्यांनी घेतलेले उदाहरण आपल्याला चटका लावणारे आहे. कोलंबिया अंतराळयान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना नष्ट झाले आणि कल्पना चावलांसह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान अजून कक्षेत असताना अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास स्लाइडवर मांडला. स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. प्रत्यक्ष आदळलेला तुकडा चाचणीत वापरलेल्या तुकड्याहून कितीतरी पट मोठा होता, सुमारे १९२० घन इंच विरुद्ध ३ घन इंच, ही गोष्ट सर्वांत खालच्या उपमुद्द्यात, बारीक अक्षरात होती. अपघाताच्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची दखल घेतली आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या सवयीवर टीका केली. ती स्लाइड निष्णात माणसांनी स्वतः केलेली होती. आपण तर ती दुसऱ्याकडून करवून घेतो आहोत.

मग ही साधने वापरूच नयेत काय? असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः वापरतो. स्वतः लिहिलेले दोन पानांचे टिपण देऊन ‘याच्या स्लाइड कर, यात नसलेले काही घालू नकोस’ असे सांगितले तर काम बरेच बरे होते, तरीही एकेक ओळ ताडून पाहावीच लागते. फॉन्ट बदलणे, मजकूर सोप्या वाक्यांत आणणे, सरावाचे प्रश्न काढणे यांत वेळ वाचतो. आणखी एक उपयोग आम्हाला विशेष आवडला. कराडच्या बाजूच्या एका शिक्षिकेने यंत्राने केलेले कोयनेचे सादरीकरण जसेच्या तसे नववीच्या वर्गाला दाखवले आणि सांगितले, की हे एका नवख्या लेखकाने लिहिले आहे, तुम्ही परीक्षक. प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण करायची : माहीत आहे आणि पटते, तपासून पाहायला हवे, किंवा कशावरून? वीस मिनिटांत ‘कशावरून?’च्या तेरा खुणा झाल्या. त्यांतल्या चार प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडेही नव्हती; ती त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि मुलांना घरच्या आजी-आजोबांकडून ११ डिसेंबरच्या पहाटेच्या आठवणी लिहून आणायला सांगितल्या. कुणाची भिंत कोणत्या दिशेला पडली, भांडी कुठून पडली, जनावरे आधी बुजली होती का. आलेल्या वह्या आम्ही चाळल्या. काही आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. गावांची नावे नकाशावर टाकून प्रत्येक ठिकाणची तीव्रता अंदाजे काढता येईल असे त्यांना वाटते आणि ते शक्य आहे. भूकंपशास्त्रात जुन्या भूकंपांच्या बाबतीत हेच करतात.

सांगली, मिरज, पलूस, वाळवा या भागांतील शिक्षकांना आमची एक विनंती आहे. पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी आणि कोयना, वारणा धरणांतून सोडलेल्या पाण्याचे आकडे रोज जाहीर होतात. वर्गाच्या भिंतीवर १ जूनपासून एक आलेखकागद लावावा आणि पाळीपाळीने मुलांनी रोज तीन ठिपके काढावेत, तारीख आणि आकडा कुठून मिळाला हे खाली लिहून. ज्या दिवशी आकडा मिळणार नाही त्या दिवशी जागा मोकळी सोडावी. सप्टेंबरअखेर हे कागद आमच्याकडे पाठवले तर त्या तीन मुलींच्या प्रश्नाचे, कोयनेचे पाणी सांगलीला किती तासांनी पोचते याचे, उत्तर काढून पाहता येईल.